नेहरू स्टेडियमसारख्या एकाच मैदानावर सगळे खेळ बसवताना

प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या एका मंडळाचा आहे. डिसेंबरात तीन दिवसांचा क्रीडामहोत्सव भरवायचा आहे: धावण्याच्या शर्यती, फुटबॉल, कबड्डी, खो-खो, टेनिस बॉलचं क्रिकेट, आणि शेवटच्या संध्याकाळी रंगमंच उभारून गाण्याचा कार्यक्रम. जागा नेहरू स्टेडियम किंवा तसंच एखादं मोठं मैदान. आखणी कशी करावी, काय बिघडतं आणि का, हे त्यांना हवं आहे. शिवाय स्मरणिकेसाठी एक शंका: एवढं मोठं स्टेडियम असताना आंतरराष्ट्रीय क्रिकेट इथून रेसकोर्स रोडला का गेलं?

शंकेपासून सुरुवात करतो. तिचं उत्तर मापांत आहे, आणि तीच मापं तुमच्या आखणीत पुन्हा आडवी येणार आहेत.

इंदुरात क्रिकेट आधी रुजलं, स्टेडियम नंतर आलं. होळकरांच्या संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर हे त्या संघाचे खेळाडू. १९४५-४६ च्या मोसमात यशवंत क्लबच्या मैदानावर याच संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव सोडला. त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतकं काढली. नेहरू स्टेडियम १९६४ चं. ते सुरुवातीपासून सगळ्या शहराचं, सगळ्या कामांचं मैदान राहिलं: क्रिकेट, फुटबॉल, मैदानी स्पर्धा, २६ जानेवारीचं संचलन, आणि निवडणुकीनंतरची मतमोजणी.

क्रिकेटच्या नकाशावर ते १ डिसेंबर १९८३ ला आलं. विश्वचषक जिंकून सहा महिनेही झाले नव्हते आणि समोर वेस्ट इंडीज होता. १९८७ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा १८ ऑक्टोबरचा सामना पावसाने धुऊन नेला. राखीव दिवशी तो ३० षटकांचा झाला आणि ऑस्ट्रेलियाने ३ धावांनी जिंकला. १९९३ च्या हिरो कपमध्ये भारत आणि झिम्बाब्वे यांची इथेच बरोबरी झाली. २५ डिसेंबर १९९७ ला भारत-श्रीलंका सामना तीन षटकांनंतर थांबवून रद्द करावा लागला, कारण खेळपट्टी फलंदाजाच्या जिवाला धोक्याची ठरली. आणि ३१ मार्च २००१ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३९ धावा करताना सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. तो टप्पा गाठणारा तो जगातला पहिला फलंदाज. पुरुषांचा तो इथला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. १५ एप्रिल २००६ ला भारत-इंग्लंड सामन्याने रेसकोर्स रोडवरचं मैदान सुरू झालं. त्याचं नाव तेव्हा महाराणी उषाराजे यांच्या नावाने होतं, २०१० मध्ये ते होळकर स्टेडियम झालं.

आता मापं. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ६५ यार्ड, म्हणजे ५९.४३ मीटर लागते. दोन्ही बाजू धरून आडवे जवळजवळ ११९ मीटर झाले, आणि दोरीच्या बाहेर मोकळी जागा वेगळी. धावण्याचा प्रमाण ४०० मीटर ट्रॅक मात्र अरुंद आणि लांब असतो. दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या, दोन अर्धवर्तुळं ३६.५० मीटर त्रिज्येची, प्रत्येक लेन १.२२ मीटरची. आठ लेन धरल्या की बाहेरची रुंदी ९२.५२ मीटर आणि लांबी १७६.९१ मीटर होते. दोन्ही आकृत्या एकाच मध्यबिंदूवर ठेवून पाहा. ट्रॅकची सरळ बाजू मध्यापासून ३६.५० ते ४६.२६ मीटरच्या पट्ट्यात येते, म्हणजे आख्खी क्रिकेटच्या सीमारेषेच्या आत. ट्रॅक मातीचा असेल तर अडचण नाही, फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) पुसली की ते आउटफील्डच, म्हणजे खेळपट्टीभोवतीचं मैदान. पण सिंथेटिक ट्रॅक टाकला की त्या मैदानावरचं मोठं क्रिकेट संपलं. उलट क्रिकेट ठेवलं तर धावपटूंना कायम तात्पुरत्या रेषांवर पळावं लागतं. शहर मोठं झालं की दोन्ही खेळांना स्वतंत्र जागा लागते, त्याचं मूळ या दहा मीटरच्या पट्ट्यात आहे.

दुसरं कारण मधल्या चौकोनाचं, म्हणजे तयार खेळपट्ट्यांच्या जागेचं. खेळपट्टी २२ यार्ड लांब (२०.१२ मीटर) आणि १० फूट रुंद (३.०५ मीटर). फुटबॉलच्या मधल्या वर्तुळाचा व्यास १८.३० मीटर. खेळपट्टी मैदानाच्या बरोबर मध्यावर असली की ती त्या वर्तुळातून आरपार जाते. कोरडी, रोलरने दाबलेली काळी माती आणि तिच्यावर स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घातलेले बावीस खेळाडू. पाय घसरतो, गुडघा फुटतो आणि खेळपट्टीही उखडते. क्रिकेट संघटनेचं स्वतःचं मैदान असलं की माळी त्या चौकोनाला बारा महिने सांभाळू शकतो. सार्वजनिक मैदानात ते शक्य होत नाही. होळकर स्टेडियम मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेचं स्वतःचं आहे, हा फरक साधा नाही.

१९९७ सारखी उसळी का होते, हे समजून घेण्यासारखं आहे. खेळपट्टीची वरची २० ते ३० सेंटिमीटर माती एकजीव असावी लागते. जुन्या थराला न खरवडता त्यावर वेगळ्या प्रकारची माती पसरली, तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. वाळताना ते पापुद्र्यासारखे सुटतात. चेंडू जिथे थर घट्ट आहे तिथे उसळतो, जिथे खाली पोकळी आहे तिथे बसतो. दुसरा दोष पाण्याचा. वरून वाळलेली आणि आतून ओली खेळपट्टी रोलरखाली चांगली दिसते, पण चेंडूच्या माऱ्याने वरची खपली सरकते. तिसरा दोष घाईचा. नीट पद्धत अशी: भरपूर पाणी देऊन माती तळापर्यंत भिजवायची, अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण माती चिकटणार नाही इतकी ओल राहिली की हलका रोलर, मग रोज थोडा जड, असं करत एक-दीड टनांपर्यंत यायचं. याला दहा ते चौदा दिवस लागतात. ओल्या मातीवर पहिल्याच दिवशी जड रोलर फिरवला तर माती दाबली जाण्याऐवजी लाटेसारखी पुढे सरकते.

ही घाई मोठ्या मैदानांनाही महागात पडू शकते. २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी धर्मशालेहून इंदूरला आली, तेव्हा जाहीर झाल्यापासून पहिल्या चेंडूपर्यंत जेमतेम पंधरवडा हातात होता. १ मार्चला सुरू झालेली कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच संपली. आयसीसीने होळकर स्टेडियमच्या खेळपट्टीला आधी ‘खराब’ शेरा आणि ३ दोषगुण दिले. बीसीसीआयच्या अपिलानंतर तो शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ झाला आणि १ गुण राहिला. हातात इतके दिवस आणि इतकी साधनं असताना हे होतं, मग मंडळाने दोन दिवसांत मातीची खेळपट्टी तयार करण्याच्या नादी लागू नये.

तुमचं टेनिस बॉलचं क्रिकेट काथ्याच्या मॅटवर घ्या. मॅट ६६ फूट लांब आणि ८ फूट रुंद चालते. ती मैदानाच्या तयार खेळपट्ट्यांवर मुळीच अंथरू नका. तिच्या कडेला दर दोन फुटांवर सहा इंची खिळा वायसर लावून ठोकावा लागतो, आणि खेळपट्टीत पाडलेली तेवढी भोकं माळ्याचा मोसम बिघडवतात. सपाट, कोरडी, दगड वेचलेली जागा निवडा, मॅट उत्तर-दक्षिण ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाणार नाही. आधी एक टोक पक्कं करा, दुसरं टोक चार जणांनी ओढून धरा, मग लांबीच्या कडा. मधून सुरुवात केली तर सुरकुती टप्प्याच्या जागीच येते. किती खिळे ठोकले ते कागदावर लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

तीन दिवसांचा क्रम मी असा लावेन. पहिला दिवस शर्यतींचा, कारण रेषा ताज्या असतात आणि जमीन कुणी तुडवलेली नसते. दुसरा दिवस क्रिकेटचा. तिसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत फुटबॉल. स्टडने जमीन फाटते, म्हणून तो शेवटी. पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच मॅट गुंडाळून खिळे मोजून काढा आणि त्या जागेवरून दांड्याला बांधलेलं लोहचुंबक दोनदा फिरवा. डिसेंबरात इंदुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे वेळापत्रकात आधीच धरा. कबड्डी आणि खो-खो तिन्ही दिवस ट्रॅकच्या बाहेरच्या कोपऱ्यांत चालू राहू शकतात.

ट्रॅकच्या आखणीत सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या मुलांच्या वेळेत उतरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुस्तकातली ३६.५० मीटर त्रिज्या उंचवट्याची कड असलेल्या ट्रॅकसाठी आहे. कड असली की धावपटू तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर धावतो असं धरतात. नुसत्या फक्कीच्या रेषेवर हे अंतर २० सेंटिमीटर धरतात. म्हणून फक्कीचा ट्रॅक आखताना पहिल्या रेषेची त्रिज्या ३६.६० मीटर घ्यायची. ३६.५० घेतली तर एका फेरीत ६३ सेंटिमीटर कमी पडतात, आणि १५०० मीटरच्या शर्यतीत जवळजवळ अडीच मीटर.

आधी मैदानाचा लांब अक्ष दोरीने ठरवा. त्यावर ८४.३९ मीटर अंतरावर दोन लोखंडी खुंट्या जमिनीसपाट ठोका. हे दोन्ही अर्धवर्तुळांचे मध्य. प्रत्येक मध्यातून काटकोनात दोन्ही बाजूंना ३६.६० मीटर मोजा. काटकोन डोळ्यांनी धरू नका, ९-१२-१५ मीटरचा त्रिकोण ताणा. चार बिंदू मिळाले की कर्ण मोजा. दोन्ही १११.७१ मीटर आले पाहिजेत. दोन कर्णांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर फक्कीला हात लावू नका, पुन्हा मोजा. वळणं आखायला बारीक पोलादी तार वापरा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि कोवळ्या सकाळी दवाने भिजलेली सुती दोरी आखडते. मोजपट्टीही पोलादीच हवी, कापडी नको.

लेनचं ‘स्टॅगर’, म्हणजे ४०० मीटरसाठी पुढे सरकवलेली सुरुवात, फक्कीच्या ट्रॅकवर दर लेनला ७.६७ मीटर येते. आठव्या लेनला ती ५३.६६ मीटर. बहुतेक तक्त्यांत दुसऱ्या लेनसाठी ७.०४ छापलेलं असतं. तो आकडा कड असलेल्या ट्रॅकचा आहे. तो इथे उतरवला तर दुसऱ्या लेनपासून पुढच्या प्रत्येक धावपटूला पहिल्या लेनपेक्षा ६३ सेंटिमीटर जास्त धावावं लागतं. २०० मीटरला ही आघाडी निम्मी, दर लेनला ३.८३. सगळी आघाडी लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर, वळणावरून मोजायची. सरळ मोजपट्टी टाकून जीवा मोजली की आकडा कमी भरतो.

१०० मीटरसाठी ८४.३९ ची सरळ बाजू पुरत नाही. ती मागे वाढवावी लागते: सुरुवातीमागे ३ मीटर, १०० मीटर शर्यत आणि पुढे किमान १७ मीटर थांबायला, असे १२० मीटर. ही जागा कुंपणात किंवा पायऱ्यांत अडकत नाही ना, हे मैदान ठरवतानाच बघा. शेवटची रेषा ओलांडल्यावर पोरं भिंतीवर आदळतात ती याच १७ मीटरच्या चुकीमुळे. ४ × १०० रिलेत बॅटन बदलण्याचं क्षेत्र आता सलग ३० मीटरचं आहे, बदलरेषेच्या २० मीटर आधी सुरू होऊन १० मीटर पुढे संपणारं. २० मीटरचं क्षेत्र आणि त्यामागे १० मीटर वेग घ्यायची जागा ही जुनी पद्धत काही पंचांच्या हातात अजून बसलेली आहे, त्यांना आदल्या दिवशीच सांगा.

फक्की किती लागेल? आठ लेनच्या नऊ रेषांची एकूण लांबी सुमारे ३,८६५ मीटर भरते. पाच सेंटिमीटर रुंद रेषेला मीटरमागे साधारण ४० ग्रॅम भुकटी धरली तर १५५ किलो, म्हणजे २५ किलोच्या सात पिशव्या. फुटबॉल आणि दुरुस्त्या धरून दहा आणा. भुकटी चुनखडीची घ्या. कळीचा चुना स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. ओल लागली की तो तापतो, हात भाजतो, आणि घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यांत गेला तर इजा कायमची होऊ शकते. एवढी एक गोष्ट अध्यक्षांनी स्वतः जाऊन तपासावी.

मैदान लहान असेल, चिमणबागेसारखं, तर २०० मीटरचा ट्रॅक आखा: सरळ बाजू ४० मीटर आणि रेषेची त्रिज्या १८.९० मीटर. पद्धत तीच. वळणं तीव्र असल्यामुळे सहापेक्षा जास्त लेन नकोत.

फुटबॉलचं प्रमाण माप १०५ × ६८ मीटर. ते ४०० मीटर ट्रॅकच्या पोटात मावतं खरं, पण कोपऱ्यात ट्रॅकची कड जेमतेम एक मीटरवर येते. सिमेंटची कड असेल तर कॉर्नर घेणारा खेळाडू तिच्यावरच पडतो. तुम्ही ९० × ६० मीटर आखा. नियमात बसतं आणि कोपऱ्यात सहा मीटरपेक्षा जास्त मोकळीक मिळते. तयार खेळपट्टी मध्यावर असेल तर ९० × ६० चा नाद सोडा, एका बाजूला ६० × ४० आखून सात-सात जणांचे सामने घ्या. हलवता येणाऱ्या गोलपोस्टच्या मागच्या दांडीवर किमान १०० ते १२० किलो वाळूच्या गोण्या ठेवा. आडव्या दांडीला मुलं लोंबकळतात आणि सबंध पोस्ट पुढे कोसळतं. हा अपघात दुर्मीळ नाही.

कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. एक मीटरच्या चौकोनी मॅट लावल्या तर १३० लागतात, भोवती एक रांग वाढवली तर १८०. मॅटखालची जमीन ओली असली की सांधे उघडतात, म्हणून खाली जाड ताडपत्री घाला. खो-खोचं मैदान २७ × १६ मीटर, खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर. खड्डा करण्याआधी पाण्याची पाइपलाइन कुठून जाते हे माळ्याला विचारा.

आता रंगमंच. इंदूर काळ्या मातीवर वसलेलं आहे आणि मैदानाचं बहुतेक नुकसान इथेच होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. कोरडी असताना दगडासारखी, ओली असताना लोण्यासारखी. मंचाच्या एका पाइपवर ४०० किलो भार आला आणि पाइपचा तळ जेमतेम १८-२० चौरस सेंटिमीटरचा असला, तर दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोपेक्षा जास्त दाब पडतो. ओल्या काळ्या मातीवर मी अर्ध्या किलोच्या पुढे जाऊ देणार नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक पायाखाली ३० × ३० सेंटिमीटरची जाड लाकडी फळी. तोच भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरून ०.४५ किलोच्या आत येतो. विटा ठेवू नका, विटेला तडा जातो आणि मंच एका बाजूला झुकतो. मांडणी झाल्यावर सर्व पाय पाणपातळीच्या नळीने तपासा आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी पुन्हा एकदा.

मंचाची जागा ट्रॅकच्या बाहेर, वळणामागे, पक्क्या रस्त्याच्या फाटकाजवळ ठेवा. मैदानाच्या मधोमध मंच देखणा दिसतो, पण सामानाचा ट्रक तिथपर्यंत न्यावा लागतो. भरलेल्या ट्रकचं एक चाक दवाने ओल्या जमिनीत रुतलं तर पडलेली चाकोरी रोलरने जात नाही. वरून सपाट दिसते, खाली माती घट्ट दाबलेली राहते आणि पुढच्या पावसात तिथे पाणी तुंबतं. ट्रक आणायचाच असेल तर दुपारी, जमीन कोरडी असताना, लोखंडी पत्रे टाकून. मंडपाचे दोर ताणायला जमिनीत लांब खुंट्या ठोकण्यापेक्षा पाण्याच्या टाक्या किंवा वाळूच्या गोण्या वजनाला लावा. फवाऱ्याची पीव्हीसी पाइप एका खुंटीने फुटते आणि ते रात्री कुणाला कळत नाही. सकाळी तळं झालेलं दिसतं.

प्रेक्षकांना गवतावर बसवायचं असेल तर खुर्चीचे पाय आत जाऊ नयेत म्हणून खाली प्लायवूड आणि त्याखाली जाड कापड घाला. पण झाकलेलं गवत श्वास घेत नाही. ऊन असताना दोन दिवसांतच ते पिवळं पडतं. आच्छादन कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी घाला, त्याच रात्री काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी काढू म्हटलं की ते दुपारपर्यंत राहतं.

गर्दीचा हिशोब तोंडी करू नका. बैठ्या प्रेक्षकांना मैदानात दर चौरस मीटरला दोन माणसं धरा. पाच हजारांना अडीच हजार चौरस मीटर लागतात, म्हणजे ५० × ५० मीटर. पायऱ्यांवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं सुरक्षित उतरतात, सपाट वाटेवर ८२. संकटात आठ मिनिटांत जागा रिकामी व्हायला हवी. पाच हजारांना पायऱ्यांवरून एकूण साडेनऊ मीटर रुंदी लागते. दोन मीटरचं एक दार धरलं तर पाच दारं, आणि एखादं अडेल असं गृहीत धरून सहावं. ही सहाही दारं कार्यक्रमभर उघडी असली पाहिजेत, प्रत्येकापाशी किल्लीसकट एक माणूस. फुकट्यांना रोखायला चार दारं कुलूपबंद ठेवणं हे सगळ्यांत धोक्याचं काम आहे. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, म्हणून शेवटचं गाणं पावणेदहाला संपेल असं बसवा.

साठ वर्षांच्या काँक्रीटच्या कोणत्याही पायऱ्यांवर लोकांना बसवण्याआधी एक चक्कर खालून मारा. सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग, गंजाचे तपकिरी ओघळ, टिचकी मारल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर, सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप यांतलं काही दिसलं तर तो भाग दोरी लावून बंद करा आणि स्टेडियमच्या कार्यालयाला लेखी कळवा. कठडे दोन माणसांनी जोर लावून हलवून पाहा.

तारखेविषयी. पत्रिका छापण्याआधी दोन गोष्टी विचारा. निवडणूक आहे का? २०२३ च्या विधानसभेला १७ नोव्हेंबरला मतदान आणि ३ डिसेंबरला मोजणी होती. २०२४ च्या लोकसभेला इंदूरचं मतदान १३ मेला आणि मोजणी ४ जूनला. मधल्या काळात मतदानयंत्रं स्टेडियमच्या कडेकोट बंदोबस्तात असतात आणि सरावाची मुलं, सकाळी फिरायला येणारे सगळेच बाहेर राहतात. दुसरं, प्रजासत्ताक दिनाच्या तालमी. जानेवारीत मैदान संचलनाला लागतं, म्हणून तुमचा महोत्सव डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, म्हणजे जमिनीला मध्ये महिनाभर तरी मिळेल.

तो महिना गवत वाढायला पुरणार नाही, हे मात्र धरून चाला. आपली दूब, म्हणजे हरळी, उन्हाळी गवत आहे. थंडीत ती जवळजवळ झोपलेली असते, आणि डिसेंबरात उखडलेला तुकडा फेब्रुवारी संपेपर्यंत तसाच दिसतो. म्हणून आवरण्याचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू करा. सगळ्या मैदानावरून लोहचुंबक फिरवून खिळे, टाचण्या, तारेचे तुकडे उचला. चाकोऱ्या आणि खुर्च्यांखालची दबलेली जागा काट्याच्या फावड्याने आठ-दहा सेंटिमीटर खोल, दर दहा सेंटिमीटरवर टोचा. वाळू फक्त त्या भोकांत झाडूने ढकला. काळ्या मातीवर वाळूचा सलग पातळ थर पसरला तर तो मातीत मिसळत नाही, वेगळा राहतो आणि पुढे गवताची मुळं त्याच थरात अडकतात. मग सकाळी ऊन चढल्यावर हलकं पाणी. संध्याकाळी दिलं तर दव आणि पाणी मिळून बुरशी धरते. युरिया आत्ता घालू नका. मार्चमध्ये कोंब दिसू लागले की दर चौरस मीटरला दहा ग्रॅम, पाण्यात विरघळवून, आणि लगेच वरून साधं पाणी.

हे सगळं संपल्यावर ठोकलेल्या खिळ्यांचा आकडा आणि परत मिळालेल्यांचा आकडा जुळवून पाहा. दोन जरी कमी असले तरी पुन्हा चुंबक फिरवा, कारण त्याच जागेवर दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी मुलं सराव करायला येतात.